'जागल्या', 'घरफोड्या' की 'मिठाला न जागणारा'?

प्रश्न असा आला आहे: १९७१ साली अमेरिकेत काही नागरिकांनी एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेचं कार्यालय फोडून सरकारी पाळतीची कागदपत्रं वृत्तपत्रांकडे पाठवली. त्यावरच्या लेखात 'कायदा हातात घेऊन पाळतीचं बिंग फोडणाऱ्या आठ जागल्यांनी…' असं लिहिलं तर चालेल का? कायदा मोडणाऱ्याला 'जागल्या' म्हणावं का? आणि 'घरफोडी' लिहिलं तर वाचकाचं मत कलुषित होणार नाही का?

आधी 'कायदा हातात घेणं' काढून टाका. जमाव चोराला पकडून बदडतो तेव्हा तो कायदा हातात घेतो. म्हणजे शिक्षा देण्याचं सरकारचं काम स्वतः करतो. या आठ जणांनी कुणाला शिक्षा दिली नाही. ८ मार्च १९७१ च्या रात्री, सगळी अमेरिका अली-फ्रेझर मुष्टियुद्धात गुंतलेली असताना, पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या छोट्या गावातल्या एफबीआयच्या कार्यालयात ते शिरले. त्यांच्यातला एक जण मुद्दाम कुलपं उघडायला शिकला होता, पण ऐनवेळी मुख्य दाराच्या कुलपानं दाद दिली नाही. मग दुसरं दार पहारीनं उचकटलं. त्याला आतून टेकलेलं जड कपाट आवाज न करता इंचाइंचानं सरकवावं लागलं. मग सुटकेसी भरून कागद नेले. याला मराठीत घरफोडी म्हणतात, आणि तोच शब्द ठेवा. सोवळा शब्द शोधायची गरज नाही.

'जागल्या' म्हणजे रात्री जागून गावाची राखण करणारा गावकामगार. रानडुकरांपासून पीक राखायला शेतकरी आजही जागलीला जातात, तीच ही जागल. व्हिसलब्लोअरसाठी, म्हणजे आतली गैरकृत्यं उघड करणाऱ्यासाठी, वर्तमानपत्रांनी हा शब्द उचलला हे उत्तमच झालं, कारण जागल्या गावानंच नेमलेला असतो. तो आतला माणूस. मीडिया गावातल्या घरफोडीतले आठ जण बाहेरचे होते. त्यांचा म्होरक्या विल्यम डेव्हिडन भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होता. म्हणून त्यांना 'जागल्या' म्हणणं मला ओढूनताणून वाटतं.

एडवर्ड स्नोडेनला मात्र तो शब्द चपखल बसतो. २०१३ मध्ये त्यानं एनएसए या अमेरिकी हेरसंस्थेचे कागद पत्रकारांना दिले तेव्हा तो कंत्राटी का होईना, त्याच यंत्रणेत कामाला होता. गंमत अशी की त्याच्या विरोधकांचा आक्षेपही याच 'जाग' धातूतून मांडता येतो: हा खाल्ल्या मिठाला जागला नाही. पण मीठ कुणाचं? पगार करदात्यांचा, आणि अमेरिकी सरकारी नोकर शपथ घेतो ती राज्यघटनेची, साहेबाची नव्हे. एनएसएनं सरसकट सगळ्यांच्या फोन-नोंदी गोळा करणं कायद्यात बसत नाही, असा निकाल २०१५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं दिला. म्हणजे स्नोडेननं कायदा मोडला हे खरं, पण 'धाब्यावर बसवला' हा वाक्प्रचार मी एनएसएसाठी राखून ठेवीन.

काही जण अशांना 'सत्याग्रही' म्हणतात. तेही नको. सत्याग्रही उघडपणे कायदा मोडतो आणि शिक्षेला सामोरा जातो. १९२२ च्या खटल्यात गांधींनी स्वतःच जास्तीत जास्त शिक्षा मागितली होती. स्नोडेन रशियात राहिला. मीडिया गावातली घरफोडी करणारी मंडळी तर गुपचूप आपापल्या संसारात परतली. एफबीआयला ती कधीच सापडली नाहीत, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनी २०१४ मध्ये नावं जाहीर केली. यात मला कमीपणा दिसत नाही. आंदोलकांना 'प्रत्येक टपालपेटीमागे एफबीआयचा माणूस आहे' असं वाटायला लावा, असा सल्ला ज्या कागदात होता, तो कागद आपण पळवला हे त्याच एफबीआयला जाऊन सांगायचं? तेवढा सत्याग्रह मी कुणाकडून मागणार नाही.

आता 'घरफोडी' वाचून वाचकाचं मत कलुषित होईल, ही तुमची धास्ती. त्याच वर्षी, व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं वृत्तपत्रांना देणाऱ्या डॅनियल एल्सबर्गची बदनामी करता यावी म्हणून व्हाइट हाउसच्या माणसांनी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाचा दवाखाना फोडला. तीही घरफोडीच. ती बाहेर आली, सरकारचे आणखीही उद्योग उघड झाले, आणि १९७३ मध्ये न्यायाधीशांनी एल्सबर्गवरचा खटलाच काढून टाकला. दोन्हींना एकच शब्द लावा. फरक कशात आहे ते वाचकाला कळतं.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं करीन: 'घरफोडी करून सरकारी पाळतीचं बिंग फोडणाऱ्या आठ जणांनी…' 'फोड' दोनदा येतंय, पण ते कानाला खटकत नाही.