पडलास? आधी बसून राहा

सायकलवरून पडल्यावर सगळ्यांची एकच चूक होते. लाजेपोटी टुणकन उठायचं आणि ‘काही नाही, काही नाही’ म्हणत पेडल मारायचं. बोपदेव घाट उतरताना वळणावरच्या बारीक खडीवर घसरलो तेव्हा मीही तेच केलं. पुढच्या चढाला गिअर हलका केला आणि मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, थेट चाकाच्या तारांत घुसला. डिरेलर ज्या तुकड्याने फ्रेमला लटकतो तो हँगर वाकला होता, मी पाहिलाच नव्हता. फ्रेम वाचावी म्हणून तो तुकडा मऊच असतो. तेव्हा आधी रस्त्याच्या कडेला हो, पाच मिनिटं बस. मग सायकलच्या मागे उभं राहून हँगर सरळ आहे का बघ, चाकं फिरव, ब्रेक दाब.

डोकं आपटलं असेल, गरगरत असेल किंवा उलटी झाली, तर सायकल तिथेच ठेव आणि दवाखाना गाठ. ते हेल्मेटही गेलं समज. बाहेरून धड दिसलं तरी आतला फोम एकदाच मार खातो.

खरचटलेलं साबण-पाण्याने धू, खडीचा कण न् कण निघेपर्यंत. बोंब मारशील, मार. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचार.

आणि एकाच राईडला तीन पंक्चर म्हणजे साडेसाती नव्हे रे! टायरच्या आतून बोट फिरव, पण हळू. ट्रकच्या टायरची केसाएवढी तार रुतलेली सापडेल.

त्याच वळणावर पुढच्या रविवारी जा. ब्रेक वळणाआधी, वळणात नको.