पाय डबक्यात, पाणी तोंडात

प्रश्न : ताई, ऑस्ट्रेलियातल्या काटेरी सरड्याचा व्हिडिओ पाहिला. तो डबक्यात नुसता उभा होता, मानही खाली घातली नाही, तरी तो पाणी पितोय असं निवेदक सांगत होता. माझा मुलगा म्हणतो, तो बेडकासारखा कातडीतून पाणी शोषतो. खरं काय? आणि वाळवंटात डबकी अशी असतात तरी किती? मुलाला तो पाळायचाही आहे!

उत्तर : निवेदकाचं बरोबर आहे. चिरंजीवांचं चुकलंय, पण त्यांना हसू नका. जाणकारही बरीच वर्षं तसंच धरून चालले होते. १९६२ साली बेंटली आणि ब्लूमर या संशोधकांनी दाखवून दिलं, की या काटेरी सरड्याची, म्हणजे थॉर्नी डेव्हिलची, कातडी पाणी पीत नाही, फक्त वाहून नेते. मला तरी हे पटायला सोपं वाटतं. ज्या कातडीतून पाणी सहज आत जाईल, तिच्यातून ते तितक्याच सहज उडूनही जाईल, आणि वाळवंटात हा धंदा आतबट्ट्याचा.

मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्ज गावच्या डेझर्ट पार्कमध्ये मी हा प्राणी जवळून पाहिला. जेमतेम वीतभर, अंगभर काटे. लोक काट्यांचेच फोटो काढत होते, पण गंमत काट्यांमध्ये नाही, खवल्यांच्या मधल्या फटींत आहे. या फटी म्हणजे वरून अर्धवट मिटलेल्या बारीक नळ्या. त्या अंगभर एकमेकींना जोडलेल्या असतात आणि शेवटी जबड्याच्या कोपऱ्यांशी येऊन मिळतात. पाय ओला झाला, की दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं पाणी त्यांतून वर चढतं. हेच केशाकर्षण. नळ्या भरल्या, की सरडा जबडा हलवायला लागतो. एकेक घोट आत जातो, तसं पायाकडून नवं पाणी पुढे सरकतं. त्याचं तोंड मुंग्या टिपण्यासाठी घडलेलं. लपलप पाणी पिणं त्याला जमत नाही.

आता डबक्यांचं. तुमची शंका रास्त आहे, डबकी क्वचितच मिळतात. माहितीपटांना मात्र पहाटेचा दवबिंदू दाखवायची भारी हौस, तेवढ्यावर हा जगतो म्हणे! २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ते काही टिकलं नाही. नळ्या पूर्ण भरायला शरीराच्या वजनाच्या साधारण ३ टक्के पाणी लागतं, म्हणजे ४० ग्रॅमच्या सरड्याला सव्वा मिलिलिटर. दवातून त्याच्या आसपासही मिळत नाही. पावसानंतरची ओली वाळू जास्त कामाची. तिच्यावर उभं राहून नळ्या निम्म्याहून थोड्या अधिक भरतात. पण तेवढ्याने पिणं सुरू होत नाही, म्हणून हा पठ्ठ्या ओली वाळू पायांनी पाठीवर उडवून घेतो. मग पाणी वरूनही झिरपतं.

बाकी उन्हाचा बंदोबस्त फार वेगळा नाही. गारठ्यात अंग गडद, तापल्यावर फिकट पिवळं. जानेवारी-फेब्रुवारीचा तिकडचा कडक उन्हाळा आणि जून-जुलैची थंडी, दोन्ही वेळा तो हालचाल जवळजवळ बंद ठेवतो. मानेमागचा मांसल गोळा म्हणजे खोटं डोकं. शत्रू आला, की खरं डोकं पुढच्या पायांत घालायचं आणि हे पुढे करायचं.

पाळण्याचं म्हणाल, तर ऑस्ट्रेलियातले जिवंत सरपटणारे प्राणी व्यापारासाठी देशाबाहेर पाठवायला तिथल्या कायद्याने बंदी आहे. शिवाय हा मुंग्यांखेरीज काही खात नाही. मुंग्यांच्या रांगेशी उभं राहायचं आणि जिभेने एकेक टिपायची, दिवसाला शेकडो. तेवढ्या मुंग्या रोज कोण पुरवणार, हे चिरंजीवांना आधी विचारून घ्या.