आधी पाटी, मग दिवा

रेल्वेचे सिग्नल ओळखायला शिकताय ना, मग अख्खं नियमपुस्तक उघडू नका. आधी दोनच गोष्टी पक्क्या करा.

– दोन पिवळे म्हणजे जास्त धोका, असं नवख्यांना हमखास वाटतं. उलट आहे! एक पिवळा: पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी. दोन पिवळे: पुढचा सिग्नल मर्यादित वेगाने ओलांडायची तयारी.

– खांबावरची गोल पाटी वाचा. पांढऱ्यावर काळं इंग्रजी ‘ए’ असेल, तर सिग्नल स्वयंचलित. तिथला लाल दिसला की मोटरमन दिवसा १ मिनिट, रात्री २ मिनिटं थांबतो आणि मग जपून गाडी पुढे काढतो. पाटी नसलेल्या लालला हेच केलं तर नोकरीवर गदा. मुंबईच्या लोकल मार्गांवर दोन्ही प्रकार भेटतात, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका.

सेमाफोर (हात वर-खाली होणारे जुने सिग्नल), शंटिंगचे (यार्डात डबे-इंजिन हलवतानाचे) दिवे सध्या राहू द्या.