तक्त्यात देश नको, प्रदेश मांडा

प्रश्न : मी सांगलीत माध्यमिक शाळेत गणित शिकवते. मुलगी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि एमएस युरोपातच करायचं म्हणते. कर्ज काढावं लागणार, म्हणून मी 2024 च्या बेरोजगारीच्या दरांचा तक्ता केला : चेकिया 2.6, जर्मनी 3.4, इटली 6.5, स्पेन 11.4. शेवटच्या दोघांवर काट मारली. मुलीला बर्लिनच्या एका खासगी विद्यापीठाचं ऑफर लेटर आलंय, कोर्स पूर्ण इंग्रजीत आहे. जर्मनीचा दर कमी असल्यामुळे होकार द्यावा का?

नमस्कार ताई,

तुमच्या वहीच्या पानाचा फोटो मोठा करून पाहिला. लाल पेनाने मारलेली काट, समासात कर्जाच्या हप्त्याचा हिशेब, सगळं पाहिलं. आकडे बरोबर आहेत. फक्त ओळी देशांच्या आहेत, तिथेच घोटाळा आहे. चाकण आणि गडचिरोली यांची सरासरी काढून आपण मुलाला नोकरी कुठे लागेल हे ठरवत नाही. युरोपातही तसंच आहे.

युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय, युरोस्टॅट, हे दर प्रदेशवार देतं. इटलीत 2023 साली उत्तरेच्या बोल्झानो प्रांतात दर सुमारे 2 टक्के होता आणि नेपल्सच्या कंपानियात 17 च्या आसपास. स्पेनमध्ये आंदालुसियात 2024 ला तो 16 च्या घरात होता, तर उत्तरेकडच्या बास्क प्रदेशात 7 ते 8. बास्कमधलं गिपुस्कोआ हे मशीन टूल बनवणाऱ्या कारखान्यांचं माहेरघर आहे. तुमची मुलगी मेकॅनिकलची आहे आणि तुमची लाल काट नेमकी तिथून गेली आहे!

तुम्ही गणिताच्या बाई, म्हणून छेदाबद्दलही सांगतो. दराच्या अंशात बेरोजगार असतात आणि छेदात काम करणारे अधिक बेरोजगार. गेल्या चार आठवड्यांत ज्याने काम शोधलं आणि जो दोन आठवड्यांत रुजू होऊ शकतो, तोच बेरोजगार धरला जातो. शोधून थकलेला माणूस अंशातूनही जातो आणि छेदातूनही. दक्षिण इटलीत काम न शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण फार मोठं आहे. त्या या दरात कुठेच दिसत नाहीत. म्हणून शेजारी आणखी एक रकाना काढा : काम करणाऱ्या लोकांचं एकूण लोकसंख्येशी प्रमाण.

आता जर्मनी. तुमचा 3.4 हा युरोस्टॅटचा आकडा. जर्मनीचं स्वतःचं रोजगार खातं त्याच वर्षासाठी 6 टक्के सांगतं. दोन्ही खरे आहेत. खातं आपल्याकडे नोंदलेले लोक मोजतं आणि आठवड्याला 15 तासांपेक्षा कमी काम करणाराही त्यात बेरोजगार म्हणून येऊ शकतो. युरोस्टॅटच्या हिशेबात आठवड्यात एक तास पगारी काम केलं तरी माणूस कामावर धरला जातो. त्यामुळे एका तक्त्यात दोन मापं मिसळू नका. खात्याच्या मापाने 2024 ला दक्षिणेकडच्या बव्हेरियात 3.7, बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये 4.2 आणि बर्लिनमध्ये 9.7. म्हणजे जर्मनीचा दर कमी म्हणून तुम्ही निवडलेलं शहर, जे स्वतः एक राज्यही आहे, त्या देशातल्या सर्वांत जास्त बेरोजगारीच्या राज्यांपैकी एक आहे. शिवाय जर्मनीत परदेशी नागरिकांमधली बेरोजगारी जर्मन नागरिकांच्या दुपटीहून जास्त आहे.

मग बाडेन-व्युर्टेमबर्गच्या राजधानीत, स्टुटगार्टला पाठवू, असं लगेच ठरवू नका. दर म्हणजे विहिरीतल्या पाण्याची पातळी. झरा चालू आहे की आटतोय, हे त्यातून कळत नाही. बाडेन-व्युर्टेमबर्गची पातळी अजून चांगली दिसते, पण झरा मोटारींचा आहे. मोटारींचे भाग बनवणाऱ्या झेडएफने 2024 मध्ये जर्मनीतल्या 14,000 पर्यंत नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं, बॉशने 2025 मध्ये आणखी 13,000. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या बेरोजगारांनी दहा वर्षांनंतर पुन्हा 30 लाखांचा आकडा ओलांडला. कंपनी असलेली माणसं कमी करते तेव्हा नव्यांची भरती आधीच थांबलेली असते, आणि तुमची मुलगी नवीनच असणार.

पूर्व जर्मनीतल्या सॅक्सनी राज्याचं उलट आहे. पूर्व जर्मनीत 2005 च्या सुमाराला पाचातला जवळजवळ एक जण बेकार होता, तरुण पश्चिमेकडे निघून गेले. दर आजही दक्षिणेपेक्षा जास्त आहे. पण सॅक्सनीची राजधानी ड्रेस्डेनभोवती चिप बनवणारे कारखाने आहेत, तैवानच्या टीएसएमसी या चिप कंपनीच्या भागीदारीतल्या नव्या कारखान्याचं बांधकाम ऑगस्ट 2024 मध्ये सुरू झालं. अशा कारखान्यांना यंत्रं बसवणारे आणि राखणारे मेकॅनिकल इंजिनिअर लागतात. माझ्या मते मुलीने तिथल्या सरकारी विद्यापीठांचे अर्ज भरावेत. (महाराष्ट्राचा बाडेन-व्युर्टेमबर्गशी 2024 मध्ये झालेला करार कुशल कामगारांसाठी आहे. एमएसवाल्यांनी त्याच्या भरवशावर राहू नये.)

चेकियाचं थोडक्यात : दर खरंच कमी आहे, पण पगार जर्मनीपेक्षा बरेच कमी आणि सरकारी विद्यापीठातलं मोफत शिक्षण चेक भाषेत.

एक काम मुलीला आजच करायला सांगा. ड्रेस्डेन आणि स्टुटगार्ट भागातल्या नवख्या मेकॅनिकल इंजिनिअरसाठीच्या वीस जाहिराती उघडायच्या आणि थेट खालची ओळ वाचायची. बहुतेक ठिकाणी ‘झेर गुटे डॉइचकेंटनिसे’ असं काहीतरी दिसेल, म्हणजे उत्तम जर्मन हवं. माझ्याकडे आलेला एक मुलगा बर्लिनहून इंग्रजीत एमएस झाला. शिकताना जर्मन ए-टूच्या, म्हणजे प्राथमिक पातळीच्या, पुढे गेलं नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, त्यातले 11 त्याने भाषा शिकण्यात घालवले. हुशार मुलगा, पण त्याच्या आईचा फोन आला की आवाजावरूनच मला कळायचं, आज हप्त्याची तारीख आहे.

म्हणून खासगी विद्यापीठाला आत्ता पैसे भरू नका. बर्लिन नकोच असं नाही, पण एवढ्या फीवर आणि भाषेशिवाय नको. बहुतेक जर्मन राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये मात्र 2017 पासून आपल्या मुलांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात. राहण्याखाण्यासाठी वर्षाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात) दाखवावेच लागतात, तेवढंच कर्ज धरून हिशेब पुन्हा करा. मुलीला पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात किंवा सांगलीतच चांगल्या क्लासला घाला आणि जाण्याआधी बी-वन (ए-टूच्या पुढची पातळी) पूर्ण होऊ द्या. त्यासाठी एक प्रवेशसत्र पुढे गेलं तरी चालेल.

नवा तक्ता केलात की फोटो पाठवा. वीस जाहिरातींपैकी किती इंग्रजीवर भागतात, तेही त्याच पानावर लिहा.