‘सलुई’ एकटा उभा राहत नाही
(वाचकांचे प्रश्न : भाषा)

प्रश्न : मी गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत टेस्टिंगच्या टेबलावर काम करते. फ्रेंच पाहुणे आले की दोन बाटल्या पुढे ठेवून ‘ही तिच्यापेक्षा हलकी आहे’ एवढंच सांगायचं असतं. मी ‘सेत’ म्हणते, तर ते पुढच्या शब्दाची वाट बघत राहतात. ‘लाल ती’साठी ‘सेल रूज’ म्हटलं की हसतात. चूक नेमकी कुठे होते?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : वाट बघतात, कारण ‘सेत’नंतर नाम यायलाच हवं. मराठीत ‘ही बाटली’ आणि नुसतं ‘ही’ या दोन्हींना एकच शब्द पुरतो. फ्रेंचमध्ये ही दोन वेगळी खाती आहेत. नामाआधी येणारे ‘स’, ‘सेत’, ‘से’ ही दर्शक विशेषणं. नाम गाळून त्याच्या जागी बसणारी सर्वनामं चार : पुल्लिंगी एकवचन ‘सलुई’, स्त्रीलिंगी एकवचन ‘सेल’, पुल्लिंगी अनेकवचन ‘सो’, स्त्रीलिंगी अनेकवचन पुन्हा ‘सेल’ (लिहिताना शेवटी एक एस जास्त). ‘सो’चा उच्चार देवनागरीत नीट बसत नाही. ओठ ‘ओ’सारखे गोल करा आणि आतून ‘ए’ म्हणा, म्हणजे जवळपास जमेल. दोन्ही ‘सेल’ कानाला सारखेच लागतात, वचन कळतं ते क्रियापदावरून : ‘सेल-सी ए’ म्हणजे एक, ‘सेल-सी सों’ म्हणजे अनेक.

पण हे चारही शब्द एकटे उभे राहत नाहीत. त्यांना मागून टेकू लागतो, आणि मुख्य टेकू तीनच.

पहिला टेकू ‘सी’ किंवा ‘ला’. ‘सी’ जवळचं, ‘ला’ लांबचं. तुमचं वाक्य असं होईल : ‘सलुई-सी ए प्लू लेजे क सलुई-ला.’ बाटली स्त्रीलिंगी असताना इथे ‘सलुई’ कसा, असं वाटेल. टेस्टिंगच्या टेबलावर बोलणं बाटलीबद्दल नसतं, वाइनबद्दल असतं, आणि वाइन (व्हँ) पुल्लिंगी आहे. पेला (व्हेर) पुल्लिंगी, शनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ ही पांढऱ्या वाइनची नावंसुद्धा पुल्लिंगी. म्हणजे तुमच्या कामात शंका आली तर ‘सलुई’ धरा. काचेची बाटलीच दाखवायची असेल, समजा मोठी हवी की छोटी, तेव्हाच ‘सेल’.

दुसरा टेकू ‘द’, म्हणजे आपला ‘चा-ची-चे’. मराठी माणूस सगळ्यात जास्त अडखळतो तो इथे. ‘निफाडचं द्राक्ष आणि दिंडोरीचं’ असं आपण सहज म्हणतो, दुसऱ्यांदा नाम लागतच नाही, कारण प्रत्ययातच लिंग दिसतं. फ्रेंच ‘द’ला लिंग नाही. म्हणून ‘ल रेझँ द निफाड ए द दिंडोरी’ (इथला ‘ए’ म्हणजे ‘आणि’) म्हटलं तर दोन्ही गावांचं मिळून एकच द्राक्ष, असं ऐकू येतं. मध्ये ‘सलुई’ घालावाच लागतो : ‘ए सलुई द दिंडोरी’. पुढच्या नामाला ‘ल’ हे उपपद असेल तर ‘द’ आणि ‘ल’ मिळून ‘द्यू’ होतं : मालकाचा म्हणजे ‘सलुई द्यू पात्रों’.

तिसरा टेकू संबंधी वाक्य : ‘कि’, ‘क’, ‘दों’, ‘उ’. मराठीत ‘जी तुम्ही चाखली ती’ असं ‘जी’ आधी आणि ‘ती’ मागून येते. फ्रेंचमध्ये उलट, ‘ती’ पुढे : ‘सेल क वू झावे गूते’. लिहिताना ‘गूते’च्या शेवटी एक जादा ई लावा, कारण ‘क’ स्त्रीलिंगी शब्दाकडे बोट दाखवतो. ऐकू येत नाही, म्हणून वहीत हमखास सुटतो.

विशेषण मात्र टेकू होऊ शकत नाही, म्हणून ‘सेल रूज’ला हसू आलं. ‘लाल ती’साठी उपपद आणि विशेषण पुरे : वाइन असेल तर ‘ल रूज’, बाटली मोठी हवी असेल तर ‘ला ग्राँद’. सर्वनाम ठेवायचंच असेल तर मध्ये ‘कि ए’ घाला : ‘सेल कि ए उव्हेर्त’, उघडलेली ती.

प्रश्न : अकरावीला फ्रेंच आहे. पुस्तकाला ‘ते’ म्हणतात म्हणून मी ‘सा’ लिहिलं, गुण कापले गेले. ‘सा’, ‘सला’, ‘ससी’ कधी वापरायचं?
– एक विद्यार्थी, सिडको

उत्तर : नपुंसकलिंगाने दगा दिला. पुस्तक, घर, टेबल, दार आपल्याकडे ‘ते’. फ्रेंचमध्ये पुस्तक पुल्लिंगी आणि बाकी तिन्ही स्त्रीलिंगी. वस्तूचं नाव वाक्यात आलेलं असेल तर तिचं लिंग पाहून ‘सलुई’ किंवा ‘सेल’. ‘सा’ लागतो तो वस्तूचं नाव माहीत नसताना (‘केस्क से क सा?’, हे काय आहे?) किंवा अख्ख्या गोष्टीबद्दल बोलताना : ‘सा देपाँ’, ते अवलंबून आहे. लेखनात त्याचाच भारदस्त भाऊ ‘सला’. ‘ससी’ सहसा पुढे जे सांगायचं आहे त्यासाठी, बोलण्यात क्वचितच. ‘आहे’ म्हणताना ‘सा ए’ नको, ‘से’ म्हणा.

स्पेलिंगमध्ये तीन जागा सांभाळा : ‘सा’मध्ये सी अक्षराखाली शेपूट, ‘सलुई-ला’मधल्या ए अक्षरावर डावीकडून उजवीकडे उतरती रेघ, आणि ‘सला’वर काहीच नाही. शिवाय समोरच्या माणसाकडे बोट करून ‘सलुई-ला’ म्हणू नका, ‘हा कोण टिकोजी’ असा वास येतो. ‘स मस्यो’, ‘सेत दाम’ म्हणा.

प्रश्न : देल्फ बी-१ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेतल्या उताऱ्यात ‘सलुई-सी’ नेमका कोण, हे ओळखता येत नाही.
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : उताऱ्यात ‘सी’ म्हणजे शेवटी ज्याचा उल्लेख झाला तो, ‘ला’ म्हणजे त्याआधीचा. ‘ल पेर पार्ल ओ फिस, सलुई-सी न रेपों पा’ यात बाप मुलाशी बोलतो आणि गप्प राहतो तो मुलगा. मराठीत ‘तो गप्प राहतो’ म्हटलं तर बापही असू शकतो, म्हणून गोंधळ होतो. उतारा वाचताना ‘सी’ दिसला की पेन्सिलीने मागे जाऊन त्याच लिंग-वचनाच्या सगळ्यात जवळच्या नामाला गोल करा.