भारतवारीनंतरचं भांडण

"मॅडम, आम्ही दर वर्षी भारतात जातो आणि परत आलो की आठवडाभर एकमेकांशी धड बोलत नाही."

जर्मनीहून ऑनलाइन बोलणारी ती समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत हे म्हणाली. यंदा तिला भारतात न जाता तिघांनी मिळून दहा दिवस डोंगरात कुठेतरी राहायचं होतं. नवऱ्याने "आईबाबांना काय सांगू?" एवढंच विचारलं आणि विषय मिटवला. तिचा प्रश्न साधा होता : असं वाटणं म्हणजे स्वार्थीपणा का? परदेशी राहणारी जोडपी हा प्रश्न मला सतत विचारतात, म्हणून तपशील बदलून ही गोष्ट लिहितेय.

जर्मनीत पाच दिवसांचा आठवडा असेल तर कायद्याने वर्षाला किमान 20 दिवस भरपगारी रजा मिळते, बऱ्याच कंपन्या 30 च्या आसपास देतात. इथल्या नातेवाइकांना ती चैन वाटते. पण यांचा मुलगा दुसरीत. तिथे शाळेची हजेरी सक्तीची. तिकीट स्वस्त पडतं म्हणून सुट्टीच्या दोन दिवस आधी मुलाला परवानगीशिवाय नेलं तर पालकांना दंड होऊ शकतो. 2018 साली तिथल्या बव्हेरिया राज्यात पोलिसांनी अशा कुटुंबांना विमानतळावर हटकलं होतं. म्हणजे निघायचं तर ऐन गर्दीत, चढ्या दरात. शिवाय ईस्टर, शरद ऋतू, नाताळ अशा शाळेच्या इतर सुट्ट्यांमध्ये मूल घरी, तेव्हा आईबापांनी आळीपाळीने रजा टाकायची. उरलेली सगळी भारतात.

रोजच्या घरात मदतीला कुणी नाही. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवार सामान भरण्यात जातो. भारताशी वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचारचा. ऑफिस, मुलाचं जेवण, अभ्यास आटोपेपर्यंत तिकडे सासरे झोपलेले असतात. मग "वर्षभर नीट बोलणंच होत नाही" ही सगळ्यांची खंत भारतवारीच्या तीन आठवड्यांत भरून काढायची असते. तिथेच सगळं बिनसतं.

दुसऱ्या भेटीला नवरा आला. पहिली दहा मिनिटं तो आपली बाजूच मांडत होता. मी दोघांना एक काम दिलं. गेल्या खेपेतला एकच ठरावीक दिवस घ्यायचा, उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं ते वेगवेगळं लिहायचं आणि एकमेकांना दाखवायचं नाही.

तिच्या कागदावर होतं : पहाटे मुलाला जुलाब, डॉक्टर, परत येते तोच दारात पाहुणे, दुपारी माहेरी जायच्या बॅगा. "सासूबाई मायेनं 'तू बस' म्हणतात, पण मला बसवत नाही." शेवटची नोंद : "रात्री अकरा. बाथरूमची कडी लावून दहा मिनिटं एकटी."

तिची खात्री होती की त्याचा दिवस मित्रांबरोबर भटकण्यात गेला. त्याने लिहिलं होतं : बँकेत केवायसी, सही जुळेना म्हणून पुन्हा रांग. बाबांचे रिपोर्ट आणायला लॅब. भाड्याने दिलेल्या फ्लॅटची गळती. संध्याकाळी काका, "कायमचे कधी येताय?" रात्री ऑफिसचे मेल.

तिने ते वाचलं. "बँकेत दोनदा गेलेलास? बोलला नाहीस." तो म्हणाला, "तू आधीच चिडलेली होतीस."

त्या कागदांनी माझं निम्मं काम केलं. तोवर भांडण 'तुला मजा, मला राबणं' असं चाललं होतं. दोघांनाही विसावा मिळालेला नाही हे कळल्यावर आवाज खाली आले. आईवडिलांना भेटणं ही नात्याची गरज आहे आणि विश्रांती ही शरीराची. एका गरजेची रजा दुसरीच्या खात्यात टाकली की दोन्ही उपाशी राहतात. विश्रांती मागणं यात स्वार्थ मला दिसत नाही. फक्त वर्षाच्या सुरुवातीलाच विश्रांतीचे दिवस आधी राखून ठेवा म्हणते. शेवटी उरतील ते आपले, असं ठरवलं तर काहीच उरत नाही.

खरा पेच घरी सांगण्याचा. बरेच जण "रजाच मिळत नाहीये" असं सांगतात. ते एक वर्ष खपतं, पण मग कुणाच्या तरी स्टेटसवर डोंगरातले फोटो दिसतात आणि न जाण्यापेक्षा खोटं जास्त लागतं. माझा आग्रह असतो की ज्याचे आईवडील, त्यानेच सांगावं. सूनबाईच्या हाती फोन दिला की निर्णय तिच्याच नावावर चढतो. त्याने माझ्यासमोर सराव केला. पहिलंच वाक्य निघालं, "आई, हिला जरा बदल हवाय." मी थांबवलं. 'हिला' नव्हे, 'आम्हाला' म्हणा. आणि न येण्याच्या बातमीबरोबरच येण्याची तारीखही सांगा. नुसता नकार ऐकला की म्हाताऱ्या माणसांना पुढचं काही ऐकूच येत नाही.

आई दोन दिवस फोनवर तुटक बोलल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मग आम्हीच येऊ का?"

यावर जोडपी एकदम हुरळतात नाही तर घाबरतात. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, ही कागदाची बाजू. मी वेगळं विचारलं : मंगळवारी सकाळी तुम्ही तिघं बाहेर पडलात की ते दोघं दिवसभर काय करणार? भाषा येत नाही, शेजारी दार वाजवत नाही. तीन महिन्यांसाठी बोलावून तिसऱ्या आठवड्यात दोन्ही बाजू कंटाळलेल्या मी पाहिल्या आहेत. पहिल्या खेपेला तीन आठवडे पुरेत, असं मी सुचवलं. सासऱ्यांना एकट्याने ट्राम पकडायला शिकवण्याचं काम नातवाकडे दिलं.

सध्या ठरलंय ते असं : मे महिन्यात आईबाबा तिकडे, उन्हाळ्यात तिघं डोंगरात, नाताळच्या दोन आठवड्यांत भारत. त्या दोन आठवड्यांत माहेरचे दिवस किती, यावर अजून एकमत नाही. तिने सात मागितलेत, तो पाचवर अडलाय. पुढची भेट त्यासाठीच आहे.