रिकाम्या पदाचा जाब कोणाला विचारायचा?

प्रश्न : आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर फलक आहे. त्यावर वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर पदे २, भरलेली १, रिक्त १ असे लिहिलेले आहे. जे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे शेजारच्या केंद्राचाही कार्यभार असल्यामुळे ते निम्मा आठवडा तिकडे असतात. रिक्त पदाचा पगार अंदाजपत्रकात धरला जातो का, आणि धरला जात असेल तर तो पैसा जातो कुठे? याची विचारणा आमदारांनी करायची की खासदारांनी?
– एक शेतकरी वाचक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आधी पैशाचे पाहू. राज्य शासनाचा प्रत्येक विभाग आपल्या खर्चासाठी विधानसभेपुढे अनुदानाच्या मागण्या मांडतो आणि संविधानाच्या अनुच्छेद २०३ प्रमाणे त्या मंजूर झाल्याशिवाय विभागाला तो पैसा मिळत नाही. वेतनाची तरतूद लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या खात्याखाली, स्वतंत्र दाखवलेली असते. वर्षभरात पद भरले जाईल असे धरून तरतूद केली आणि ते भरलेच गेले नाही, तर उरलेली रक्कम पुनर्विनियोजन करून दुसऱ्या बाबीकडे वळवली जाते, मार्चअखेरीस शासनाला समर्पित (परत) केली जाते किंवा वर्ष संपताच व्यपगत होते, म्हणजे तिची मंजुरी संपते. त्यानंतर नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या विनियोजन लेख्यांत मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी मांडले जातात व फरकाची कारणे नोंदवली जातात. ‘पदे रिक्त राहिल्यामुळे’ हे कारण त्या पानांवर वारंवार आढळते. म्हणजे आपल्याला न मिळालेला डॉक्टर हिशेबात बचत म्हणून दाखवला जातो. मला ही गोष्ट अतिशय गंभीर वाटते, कारण रात्रीच्या वेळी खाजगी गाडी करून रुग्णाला यवतमाळला नेणाऱ्या कुटुंबाचा खर्च शासनाच्या कोणत्याही लेख्यात येत नाही.

हे लेखे अनुच्छेद १५१ नुसार राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे येतात आणि विधिमंडळाच्या सदस्यांची लोकलेखा समिती त्यांची तपासणी करते. समिती विभागाच्या सचिवांना साक्षीला बोलावते व त्यांना लेखी खुलासा द्यावा लागतो. मात्र ही तपासणी खर्चाचे वर्ष उलटून गेल्यावर, कधी कधी अनेक वर्षांनी होते. बैल गेला आणि झोपा केला, असे कोणी म्हटले तर मी त्याला दोष देणार नाही. म्हणून चालू वर्षातील रिक्त पदासाठी विधिमंडळातील प्रश्न हाच अधिक उपयोगाचा मार्ग आहे, आणि आरोग्य केंद्रातील नियमित पदे राज्याच्या अखत्यारीत येत असल्याने तो आमदारांनीच विचारायचा आहे.

प्रश्न कसा विचारला जातो यावर बरेच काही अवलंबून असते. ‘तालुक्यातील आरोग्यसेवेचा बोजवारा उडाला आहे, हे खरे आहे काय?’ असे विचारले की ‘हे खरे नाही’ असे उत्तर येते आणि पुढच्या सर्व भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढेच लिहून प्रकरण संपते. याउलट, अमुक केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याचे दुसरे पद अमुक तारखेपासून रिक्त आहे हे खरे आहे काय; असल्यास, ते भरण्यासाठी शासनाने कोणती कार्यवाही केली आहे वा करण्यात येत आहे; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत, असा प्रश्न गेला तर निदान पहिल्या भागाला ‘होय’ म्हणण्यावाचून विभागाला गत्यंतर राहत नाही. तुमच्या फलकावरचे आकडे म्हणूनच मोलाचे आहेत. फलकाचे तारखेसह छायाचित्र काढून ते आमदारांना द्यायच्या निवेदनाला जोडा.

आणखी दोन गोष्टी प्रश्नात स्वतंत्रपणे विचारायला सांगा. पहिली म्हणजे, भरलेल्या पदावरील अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार आहे का आणि कधीपासून आहे. कारण कागदावर दोन्ही केंद्रांना डॉक्टर आहे असे दिसते आणि प्रत्यक्षात दोन्हीकडे तो अर्धाच असतो. दुसरी म्हणजे, आकृतिबंध (कार्यालयातील मंजूर पदांचा आराखडा) सुधारला गेला असल्यास सुधारणेपूर्वी मंजूर पदे किती होती. दीर्घकाळ रिक्त राहिलेली पदे आकृतिबंधातूनच कमी केली की रिक्त पदांची टक्केवारी आपोआप खाली येते, मात्र दवाखान्यात एकही माणूस वाढलेला नसतो.

तारांकित प्रश्नावर सभागृहात उपप्रश्न विचारता येतात, अतारांकित प्रश्नाचे केवळ लेखी उत्तर मिळते. मंत्र्यांनी सभागृहात पद भरण्याचे आश्वासन दिले, तर त्याचा पाठपुरावा करण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात. त्यामुळे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी आमदारांकडे दिवाळीनंतर जाऊ नका, आधीच जा.

प्रश्न : आमचे खासदार म्हणतात की आरोग्य हा राज्याचा विषय आहे. मग संसद नेमके कशावर लक्ष ठेवते?
– एक निवृत्त शिक्षक, चिमूर तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : खासदारांचे म्हणणे बरोबर आहे, पण ते तेवढ्यावर थांबायला नको होते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा खर्च महाराष्ट्रात केंद्र आणि राज्य यांच्यात ६०:४० या प्रमाणात विभागलेला आहे, त्यामुळे अभियानातील कंत्राटी परिचारिकेचे मानधन का थकले हा प्रश्न लोकसभेतही विचारता येतो. टपाल, रेल्वे, कापूस खरेदी करणारे केंद्राचे महामंडळ यांची पदे व खर्च तर पूर्णपणे संसदेच्या कक्षेतले आहेत.

संसदेत या कामाचा खरा भार विभागसंलग्न स्थायी समित्या, म्हणजे ठरावीक मंत्रालयांचे काम तपासणाऱ्या खासदारांच्या समित्या, वाहतात. त्या १९९३ मध्ये सुरू झाल्या. आज त्या २४ असून प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात व मंत्र्यांना त्यांत स्थान नसते. अर्थसंकल्पी अधिवेशनाला मधे सुटी असते, त्या काळात या समित्या मंत्रालयांच्या मागण्या तपासतात. मंजूर पदे किती, कार्यरत किती, मागील वर्षीची तरतूद खर्च का झाली नाही, हे तिथे अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारले जाते. सभागृहात मोजक्याच मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चा होते आणि उरलेल्या सर्व मागण्या शेवटच्या दिवशी ‘गिलोटिन’ लावून, म्हणजे एकदम मतास टाकून, चर्चेविना मंजूर होतात, हे लक्षात घेतले म्हणजे समित्यांचे महत्त्व ध्यानात येईल. त्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत, पण त्यांवर काय कार्यवाही केली हे सरकारला कळवावे लागते आणि त्यावर समिती पुन्हा अहवाल देते. हे अहवाल लोकसभा व राज्यसभेच्या संकेतस्थळांवर कोणालाही वाचता येतात. तुमचे खासदार कोणत्या समितीवर आहेत हे त्यांना अवश्य विचारा. लोकप्रतिनिधीला हा प्रश्न गावात फार क्वचित कोणी विचारतो.

प्रश्न : पंचायती राज समिती येणार म्हटले की जिल्हा परिषदेत धावपळ उडते आणि रजिस्टरे रातोरात पूर्ण होतात. ही समिती पाहते तरी काय?
– एक ग्रामपंचायत सदस्य, संग्रामपूर तालुका, जि. बुलडाणा

उत्तर : ही विधिमंडळाची समिती आहे आणि तिच्या कामाचा पाया म्हणजे जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांच्या लेख्यांवरील लेखापरीक्षण अहवाल. स्थानिक निधी लेखापरीक्षेत घेतलेल्या आक्षेपांचे पुढे काय झाले, हे ती विचारते. त्यामुळे नुसती तक्रार सांगण्यापेक्षा लेखापरीक्षण अहवालातील नेमका परिच्छेद दाखवून निवेदन दिलेले अधिक परिणामकारक ठरते. ग्रामपंचायत सदस्य या नात्याने तो अहवाल मागून घ्या आणि समितीच्या दौऱ्याची वाट न पाहता निवेदन विधानमंडळ सचिवालयाकडे पाठवा.

प्रश्न : विदर्भाला नोकऱ्यांत आणि निधीत वाटा देण्याचे लेखी वचन होते, असे वडीलधारी माणसे सांगतात. ते खरे आहे का?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : खरे आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला भरवण्याचे ठरले, तसेच खर्चाचे वाटप आणि शासकीय सेवांतील भरती लोकसंख्येच्या प्रमाणात करण्याचेही ठरले. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये विकास मंडळांबरोबरच निधीचे न्याय्य वाटप आणि राज्याच्या सेवांमध्ये नोकरीच्या पुरेशा संधी यांचा उल्लेख आहे, आणि मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याची तरतूद आहे. विदर्भाचे मंडळ १९९४ मध्ये स्थापन झाले. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा एकूण अनुशेष (मागे पडलेल्या भागांतील विकासाची तूट) ३,१८६.७८ कोटी रुपये ठरवला होता आणि त्यात विदर्भाचा हिस्सा सुमारे ३९ टक्के होता. पण तो अनुशेष सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांतील सोयींचा होता. बांधून झालेल्या दवाखान्यात किंवा शाळेत माणूस नेमलेला आहे की नाही, याची मोजणी वेगळी करावी लागते. माझ्या मते विदर्भाच्या प्रश्नावर बोलणाऱ्यांनी हे अंग फार काळ दुर्लक्षित ठेवले.

प्रश्न : मंजूर पदांचे आकडे कार्यालय देत नसेल तर काय करावे?
– नाव न छापण्याची विनंती करणारे वाचक, गोंदिया जिल्हा

उत्तर : माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ प्रमाणे अधिकारी-कर्मचाऱ्यांची सूची, त्यांचे मासिक वेतन आणि कार्यालयाला मिळालेली तरतूद ही माहिती न मागताच प्रसिद्ध करायची असते. ती केलेली नसेल तर १० रुपये शुल्क भरून त्या कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क लागत नाही. अर्जात संवर्गनिहाय मंजूर, भरलेली व रिक्त पदे, पद रिक्त झाल्याचा दिनांक, आणि मागील तीन वर्षांची वेतनाची तरतूद व खर्च एवढेच मागा, मते किंवा कारणे विचारू नका. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर त्यापुढील ३० दिवसांत प्रथम अपील करा आणि अपिलाची पोच जपून ठेवा.